मेमधलं दहा मिनिटांचं वादळ आणि जुलैतला मुका पाऊस

तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडतो, कारण त्यात चार-पाच प्रश्न एकात एक अडकलेत. तुम्ही राहता डोंबिवलीत, नोकरी विक्रोळीत. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं त्या दुपारी तुम्ही ऑफिसच्या काचेतून धुळीचं वादळ पाहिलंत, पण तुमच्याकडे पाऊस जेमतेम रस्ता भिजण्यापुरता झाला. उलट जुलैत रात्रभर दोनशे मिलिमीटर पडतो, रुळांवर पाणी येतं, लोकल थांबतात, आणि ढग साधा गुरगुरतही नाही. मग यातलं वादळ कोणतं? दुसरं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी, हे आकडे खरे कसे? तिसरं, वेळ आणि जागा नेमकी का सांगत नाहीत? चौथं, आकाशाकडे बघून आधी काही कळतं का? आणि जाता जाता गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडबद्दलही विचारलंय.

मी बरीच वर्षं विमानतळावरच्या हवामान कक्षात अंदाज देण्याचं काम केलं. वैमानिकाला किती मिलिमीटर पाऊस पडणार यात फारसा रस नसतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: वाटेत ‘सीबी’ आहे का? सीबी म्हणजे क्युम्युलोनिम्बस, उभा वाढत जाणारा गरजणारा ढग. मुसळधार पावसातून विमानं रोज उतरतात. पण सीबीच्या पोटात कुणी शहाणा माणूस विमान घालत नाही. त्यामुळे पाऊस किती पडला आणि हवा किती वेगाने वर-खाली झाली, हे दोन हिशेब वेगळे ठेवायची सवय या धंद्यात लागते. तुमच्या प्रश्नात ते दोन्ही एकत्र झालेत, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाऊस जास्त म्हणजे वादळ मोठं, असं समीकरण हवेत कुठेच नाही.

दोन्हींची शिदोरी मात्र एकच, बाष्प. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता तिच्यात साठते. तीच वाफ वर जाऊन थेंब झाली की ती उष्णता ढगात मोकळी होते. हीच सुप्त उष्णता. आकार लक्षात यावा म्हणून एक हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर फक्त १ मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. तेवढं पाणी थेंबात उतरताना सुटणारी उष्णता विजेच्या मीटरवर मोजली तर जवळपास ७ लाख युनिट भरतील. आता रात्रीत २०० मिमी, तेही अख्ख्या मुंबई-ठाण्यावर, म्हणजे किती ते तुम्हीच गुणून बघा. म्हणजे जुलैत ऊर्जा कमी पडते असं मुळीच नाही, उलट मेपेक्षा कितीतरी जास्त सुटते. फक्त ती शेकडो किलोमीटरवर पसरून, तासन् तास, संथपणे सुटते. मेमधल्या ढगात ती पाच-दहा किलोमीटरच्या एका खांबात अर्ध्या-पाऊण तासात सुटते.

असं का होतं, हे समजायला हवेचा उभा छेद बघावा लागतो. सांताक्रूझहून रोज सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक फुगा सोडतात. त्याला बांधलेलं यंत्र वर जाता जाता प्रत्येक उंचीवरचं तापमान, आर्द्रता आणि वारा खाली कळवत राहतं. ते टेफिग्राम नावाच्या तिरप्या रेघांच्या आलेखावर मांडायचं. मग जमिनीलगतच्या हवेचा एक गोळा मनातल्या मनात वर न्यायचा आणि पाहायचं, आजूबाजूच्या हवेपेक्षा तो गरम राहतो की थंड पडतो. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. एकदा तिच्यात थेंब बनू लागले की सुप्त उष्णता मिळते आणि थंड होण्याचा वेग किलोमीटरला ४ ते ६ अंशांवर येतो. भोवतालची हवा याहून झपाट्याने थंड होत गेलेली असेल तर आपला गोळा प्रत्येक पायरीवर शेजाऱ्यापेक्षा गरम, म्हणून हलका. मग त्याला कुणी ढकलावं लागत नाही, तो आपला आपण वर सुटतो. यालाच हवेची अस्थिरता म्हणतात.

मे महिन्यात मुंबईवर काय असतं? तळाशी समुद्रावरून आलेला दमट थर, फार तर किलोमीटरभर जाडीचा. त्याच्यावर दख्खनच्या तापलेल्या पठारावरून घाट ओलांडून आलेली गरम कोरडी हवा. आणि त्याच्या वर उंचीप्रमाणे झपाट्याने थंड होत गेलेली हवा. मधला तो गरम थर झाकण घालतो. तापत्या दुधावर साय धरली की वाफ खाली कोंडते, पातेलं शांत दिसतं, आणि आपण ओट्याकडे पाठ फिरवली की भस्सकन उतू जातं, तसाच हा प्रकार. झाकण नसतं तर दुपारभर छोटे-छोटे ढग बनून विरून गेले असते. झाकणामुळे खालचा दमटपणा आणि ताप साठत जातो, आणि जिथे झाकण फुटतं तिथे सगळा साठा एका जागी वर धावतो. म्हणून मेमधले बरेच दिवस नुसत्या घामाचे जातात आणि एखाद्या दुपारी आकाश फाटतं.

झाकण फोडतं कोण? आपल्याकडे बहुतेक वेळा घाट आणि खारा वारा, दोघं मिळून. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा आत शिरत कल्याण, बदलापूर, कर्जत, मुरबाडकडे पोचतो. तिथे तो तापलेल्या जमिनीवरच्या हवेला भिडतो आणि पुढे डोंगराची भिंत असते. हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. दुपारी तीनला ज्या जागी कापसाचा पुंजका दिसत होता तिथे चारला चौदा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा असू शकतो. वर तो अशा थराला भिडतो की त्यापुढे चढता येत नाही, मग माथा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीच्या आकाराचा.

आता इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे शब्द वापरावेच लागतात. तो ढग तुमच्याकडे येणार की नाही हे पाच-सात किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यावर ठरतं. तिथे पूर्वेचा वारा असेल तर घाटावर जन्मलेला ढग संध्याकाळी बदलापूर, कल्याण, डोंबिवली, ठाणे करत मुंबईकडे सरकतो. पश्चिमेचा असेल तर तो पुणे-नाशिककडे जातो आणि मुंबईकर दुरून विजांची लखलख बघत उकडत बसतो. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाचंही हेच. डोंबिवलीकराला कुलाबेकरापेक्षा गडगडाट जास्त ऐकू येतो तो याचमुळे. ढग घाटाजवळ ताजा असतो आणि दक्षिण मुंबई गाठेपर्यंत समुद्रावरची थंड हवा बऱ्याचदा त्याचा जीव काढून घेते.

पण होर्डिंग पाडलं ते वर जाणाऱ्या हवेने नव्हे. वर गेलेली हवा खाली आली त्या झोताने. वळवाच्या पावसाचा हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो, म्हणून इथे जरा थांबतो. ढगातून थेंब खाली पडतात तेव्हा वाटेत मधला कोरडा थर लागतो. त्यात ते विरतात, आणि विरताना हवेतली उष्णता काढून घेतात. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी विरलं की ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते. चार ग्रॅम विरलं तर दहा अंश. इतकी गार हवा भोवतालच्या मानाने जड, ती दगडासारखी खाली येते. जमिनीवर आदळली की आणखी खाली जायला जागा नाही, म्हणून चहूबाजूंना पसरते. हाच तो वाऱ्याचा पहिला झोत. मेमध्ये माती कोरडी ठक्क, वर जागोजाग बांधकामांची खणलेली मैदानं, म्हणून त्या झोताबरोबर धुळीची भिंत उठते. थेंब वाटेतच विरलेले असल्यामुळे खाली पाऊस नावापुरता. तुमचं कोडं इथे सुटतं: पाऊस कमी पडला म्हणूनच वारा जोराचा होता. जे पाणी जमिनीवर पोचलं नाही त्यानेच ती हवा जड केली.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हेही ध्यानात घ्या. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ९० किमीचा झोत धरला तर समोरच्या सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ३८ किलोचा दाब येतो. घाटकोपरचं ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, म्हणजे सुमारे १,३४० चौरस मीटर. गुणाकार पन्नास टनांवर जातो. पाया, परवानगी हा चौकशीचा विषय, त्यात मी पडत नाही. तिथे १७ माणसं गेली. वाऱ्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की असे झोत मुंबईला नवे नाहीत, आणि एवढं मोठं शीड एवढ्या उंचीवर उभारताना ते गृहीत धरायलाच हवं.

विजेचा हिशेब वेगळा आहे, पण मूळ तेच, वर चढण्याचा वेग. आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरवर शून्य अंशाची रेषा असते. ढगात वीज तयार व्हायला त्या रेषेच्या बरंच वर तीन गोष्टी एकत्र लागतात: बर्फाचे हलके स्फटिक, गारेसारखे मऊ बर्फगोळे, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. स्फटिक आणि गोळे एकमेकांवर आपटतात तेव्हा विद्युतभार वाटला जातो. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गोळे ऋण भार घेऊन मध्ये राहतात. हे सतत चालू राहायला पाणी पाच किलोमीटरच्या वर फेकत राहणारा जोरदार झोत लागतो, सेकंदाला दहा-वीस मीटरचा. मेमधल्या ढगात तो असतो.

जुलैत नसतो. भर मान्सूनमध्ये जमिनीपासून आठ-दहा किलोमीटरपर्यंत सगळी हवा ओलसर असते आणि सततच्या पावसाने, ढगांनी तिच्यातले तापमानाचे फरक मिटवून टाकलेले असतात. आपला मनातला गोळा वर नेला तर तो शेजाऱ्यापेक्षा जेमतेम गरम निघतो. मग हवा वर का जाते? कारण तिला मागून ढकललं जातं. अरबी समुद्रावरून दीड किलोमीटर उंचीवर मान्सूनचा जोरदार प्रवाह येतो, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असतो आणि समोर सह्याद्री. हवा चढते, पण सावकाश. थेंब शून्याच्या रेषेखालीच एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कोसळतात. ढगाच्या वरच्या अंगाला बर्फ असतो, पण त्यात ओलं, जड असं फारसं काही नसतं, आपटाआपटी होत नाही, भार वाटला जात नाही. म्हणून पाऊस मुका. शिवाय मध्ये कोरडा थर नसल्यामुळे थेंब वाटेत विरत नाहीत, खालचा झोतही तयार होत नाही. सगळं पाणी खाली पोचतं. मे महिना ज्या पाण्याचा वारा करतो, जुलै त्याचा पूर करतो.

रडारवर हा फरक लगेच कळतो. मेच्या ढगाचा लाल गाभा, म्हणजे सगळ्यात जोरदार भाग, आठ-दहा किलोमीटर उंच दिसतो. जुलैत तेवढाच पाऊस देणाऱ्या ढगाचा गाभा शून्याच्या रेषेच्या आसपासच संपलेला असतो, वर नुसता फिकट रंग. माझ्या जुन्या कक्षात नवीन पोरांना पहिल्यांदा हेच शिकवायचो: चित्र वरून बघू नका, कापून बघा.

गावाकडे हे सगळं नक्षत्रांच्या हिशेबात बसवलेलं आहेच. मृग गरजत येतो, आर्द्रा-पुनर्वसूत झड लागते, आणि उत्तरा-हस्तात पुन्हा गडगडाट. जूनच्या सुरुवातीला वर कोरडी हवा शिल्लक असते, सप्टेंबरअखेर ती परत येऊ लागते. पंचांग बघून अंदाज देऊ नये, पण निरीक्षण चुकीचं नाही.

आता अपवाद, कारण कुणीतरी खाली प्रतिक्रियांत ५ ऑगस्ट २०२० ची आठवण काढेलच. त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०७ किमीपर्यंत गेले, पाऊसही तीनशे मिमीच्या वर, आणि हे ऐन मान्सूनमध्ये. तो वारा ढगातून पडलेला नव्हता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होतं आणि त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर दाबातला फरक इतका वाढला की मान्सूनचा नेहमीचाच वारा पिसाळला. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येही सोसाट्याचा वारा येतो, पण त्याचं इंजिन शेकडो किलोमीटर रुंद असतं, म्हणून तो दहा मिनिटांत न संपता तासन् तास टिकतो.

आणि २६ जुलै २००५. आकडे खरे आहेत. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी मोजणी, सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७३, विहार तलावाजवळ १,०४९. पैकी बहुतेक पाऊस दुपारी अडीचनंतरच्या काही तासांतला. ‘मोजण्यात चूक असेल’ ही शंका त्या वेळीही लोकांनी काढली होती. पण मिठी नदीने त्या रात्री जे केलं ते ७३ मिमीचं काम नव्हतं. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरचं अंतर आहे. मघाशी म्हटलं तसा एकेक उंच ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो. तो उत्तर उपनगरांवर असेल तर कुलाबा त्याच्या बाहेर. म्हणजे एवढा फरक होणं अशक्य नाही. असाधारण काय होतं, तर ढग जागचा हलला नाही. खरं तर ढग बदलत होते, जागा बदलत नव्हती: एक विरायच्या आत त्याच्या मागे, त्याच ठिकाणी, दुसरा उभा राहत होता. मान्सूनचा पाण्याने भरलेला प्रवाह मागून पुरवठा करत होता आणि वरती, त्या दिवसापुरती, मेमध्ये असते तशी अस्थिरताही होती. ढगांचे माथे पंधरा किलोमीटरपर्यंत गेले होते. त्या दिवशी मुका पाऊस नव्हता, गडगडाट होता. दोन ऋतूंची यंत्रं एका दुपारी एका जागी चालू झाली, म्हणून तो आकडा. भरतीने आणि शहराच्या नाल्यांनी पुढचं केलं, पण तो वेगळा लेख होईल.

इथवरचं सार असं: बाष्प सगळीकडे लागतं. वर जाण्याचा वेग अस्थिरतेतून येतो आणि तो वीज देतो. मधला कोरडा थर वाऱ्याचा झोत देतो. ओल्या प्रवाहाचा सततचा पुरवठा पाण्याची बेरीज वाढवतो.

चक्रीवादळ हे तिसरंच प्रकरण, ते झटपट उरकतो. त्याला समुद्राचं किमान साडेसव्वीस अंश तापमान लागतं आणि खालचा व वरचा वारा फारसा वेगळा असून चालत नाही. मान्सूनमध्ये खाली जोरदार पश्चिमी आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर तितकाच जोरदार पूर्वेचा वारा असतो, त्यात चक्रीवादळाचा उभा खांब टिकत नाही, तिरपा होऊन मोडतो. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळं मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ३ जून २०२० चं निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपवून गेलं. १७ मे २०२१ चं तौक्ते मुंबईच्या पश्चिमेने समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किमीचे झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझला २३० मिमी पाऊस झाला. गारपिटीचं विचाराल, तर मुंबईत ती क्वचित. शून्याची रेषा उंच आणि खालची हवा गरम दमट, गारा वाटेतच वितळतात. मराठवाडा-विदर्भात मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये वर उत्तरेकडची थंड हवा येते. २०१४ साली त्या भागांत गव्हा-हरभऱ्याची, द्राक्षांची काय गत झाली ते शेतकऱ्यांच्या लक्षात असेल.

नेमकी वेळ आणि जागा का सांगत नाहीत? चक्रीवादळाची सांगतात, तीन-चार दिवस आधी, कारण ते शेकडो किलोमीटरचं असतं आणि आठवडाभर जगतं. गरजणारा ढग पाच-दहा किलोमीटरचा, आयुष्य तासाभराचं. संगणकाचं प्रारूप हवेचे चौकोन पाडून गणित करतं. चौकोन बारा किलोमीटरचा असेल तर असा ढग त्याच्या एका खणात हरवतो. २०२५ मध्ये आपल्याकडे सहा किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टिम आलं, सुधारणा मोठी आहे, तरी एका ढगासाठी तेही जाडच. म्हणून अंदाज दोन थरांत येतो. आदल्या दिवशी ‘ठाणे जिल्ह्यात विजांसह पावसाची शक्यता, यलो अलर्ट’. याचा अर्थ साठा भरलेला आहे, झाकण फुटू शकतं. कुठे फुटेल ते कुणालाच माहीत नसतं. मग प्रत्यक्ष ढग उभा राहिला की रडार बघून पुढच्या तीन तासांचा इशारा, ज्याला नाउकास्ट म्हणतात. तुम्ही सकाळचा संदेश वाचता आणि दुपारचा बघतच नाही, बहुतेक लोकांचं हेच होतं. मे आणि ऑक्टोबरात दुपारी तीननंतरचा नाउकास्ट बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं, तेही फोनवर ठेवा.

आणि डोळे वापरा. विक्रोळीहून तुम्हाला पूर्वेचं आकाश मोकळं दिसत असेल. दुपारी घाटाच्या दिशेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कडक कडांचा ढग दिसला, तर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. माथा अस्पष्ट, तंतुमय होऊन पसरू लागला म्हणजे तिथे बर्फ झाला, वीज सुरू. ती पसरलेली ऐरण तुमच्या डोक्याकडे येत असेल तर वरचा वारा पूर्वेचा आहे आणि ढगही याच वाटेने येणार. शेवटची खूण सगळ्यात खात्रीची: दिवसभर पश्चिमेकडून वाहणारा खारा वारा एकाएकी पडतो, पान हलत नाही, आणि मग पूर्वेकडून गार झुळूक येते, मातीचा वास घेऊन. ती झुळूक म्हणजे खाली आदळलेल्या हवेची पुढची कड. तुमच्या हाती पाच-दहा मिनिटं आहेत. होर्डिंग, झाडं, बांधकामाच्या परांच्या यांच्यापासून दूर, पक्क्या इमारतीत जा. रस्त्याकडेच्या झाडाखाली स्कूटर लावून थांबणं ही मुंबईतली सगळ्यात वाईट सवय आहे. विजेसाठी लखलख आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मैदानातला क्रिकेटचा डाव थांबवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

आता तुमची शेड. मोजमाप तुम्ही दिलेलं नाही, म्हणून दहा बाय वीस फुटांची धरतो, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. तोच ताशी ९० किमीचा झोत खालून शिरला तर वर उचलणारा जोर ७०० किलोच्या घरात जाऊ शकतो. अर्धा मिमी जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन शंभर किलोच्या आतच. म्हणजे तिच्यावर विटा ठेवून काहीही होणार नाही, उलट त्या विटाच खाली कुणाच्या डोक्यात जातील. पत्रा लोखंडी पाइपला जे-हुकने सगळ्या बाजूंनी, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांना जवळ-जवळ आवळलेला हवा, आणि पाइपचे खांब स्लॅबमध्ये अँकर बोल्टने धरलेले हवेत, नुसते कुंडीत सिमेंट ओतून उभे केलेले चालणार नाहीत. तीन बाजू बंद आणि एक उघडी अशी शेड सगळ्यात धोक्याची, कारण वारा आत कोंडतो. तुमची उघडी बाजू पूर्वेला असेल तर ती आधी बघून घ्या, आणि हे काम एप्रिल संपायच्या आत एखाद्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी आहे का, हे मी विचारत नाही, तुम्ही विचारून ठेवा.

अजून काही अडलं तर त्या दिवसाची तारीख आणि वेळ लिहून विचारा. फुग्याची नोंद मिळाली की बरंच काही सांगता येतं.